चिकटवलेली चांदणी

रेवा आणि निहार, अप्पाआजोबांची लाकडी चांदणी आम्हाला पाठवशील का, असं तुम्ही दोघांनी परवा फोनवर विचारलंत. मी ‘बघते’ म्हणाले आणि तुमच्या जेवणाची चौकशी केली. अप्पा, माझा धाकटा भाऊ, जाऊन सहा आठवडे झाले. त्या चांदणीबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. बोलताना ती माझ्याच्यानं सांगून होणार नाही, म्हणून लिहिते आहे.

अप्पा अकोल्याला तांत्रिक शाळेत सुतारकाम शिकवायचा. उरलेल्या सागवानाच्या दांड्यांना पटाशीनं खाचा पाडून तो कोडी करायचा. खिळा नाही, गोंद नाही. खाचेत खाच बसली की कधी घन व्हायचा, कधी गोळा, कधी चांदणी. पोरांकडून आकृत्या घोटून घेणारा हा माणूस स्वतःच्या कोड्यांची मात्र आकृती कधी काढत नसे. भाऊबीजेला तो अमरावतीला यायचा. मी ओवाळलं की ताटात सुटे तुकडे ओतायचा, आणि मी ते जुळवल्याशिवाय पानावर बसायचा नाही. माझ्या घरी सगळं वेळेवर लागतं हे त्याला पक्कं माहीत होतं. भाजी निवायची, मी चिडायची, आणि तो पाय हलवत म्हणायचा, “येवढं इंग्रजी शिकवून रायली पोरायले, अन् हे नाई जमत?”

तुम्ही एकदा सुट्टीला माझ्याकडे आलात, तेव्हा चांदणी त्यानं तुमच्यासाठी केली. बारा दांड्यांची. तीन दिवस जमिनीवर पालथे पडून तुम्ही ती जुळवलीत आणि परत गेलात. एखादी दांडी केरात जाईल, या भीतीनं मी तिच्या फटीफटींत गोंद सोडला आणि ती काचेच्या कपाटात ठेवली. तुम्ही जुळवलेली तशीच राहावी, एवढंच मनात होतं...

त्याच वर्षीच्या भाऊबीजेला अप्पानं ती बाहेर काढली आणि सवयीनं अंगठ्यानं शेवटची दांडी दाबली. हलली नाही. दुसऱ्या बाजूनं दाबून पाहिली.

“काहून चिकटवलं वं ताई?”

“हरवली असती एखादी.”

“त मी दुसरी करून देल्ली असती.”

एवढंच. जेवला, आणखी एक पोळी मागून घेतली आणि दुपारच्या बसनं गेला. पुढच्या वर्षी त्यानं ताटात साडी ठेवली. घरातले म्हणाले, आता कुठं रीतसर झालं. अप्पा, तुकडे आण रे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं... पण मी रंग छान आहे म्हणाले. अशा सहा साड्या झाल्या. दर वर्षी वाटायचं, पुढच्या खेपेला सांगू.

तो गेल्यावर अकोल्याला त्याच्या सुनेला विचारलं, नंतर त्यानं कोडी करणं सोडलं होतं का? ती म्हणाली, “नाई न आत्याबाई. करतच होते. गल्लीतल्या लेकरायले वाटून द्यायचे.”

घरी येऊन मी चांदणी कोमट पाण्यात बुडवून ठेवली. दोन दिवसांनी गोंद सुटला. अकरा दांड्या मोकळ्या झाल्या; बारावी ओढताना खाचेपाशी मोडली. जुळवायचा क्रम तुम्हा दोघांखेरीज आता कोणाला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही तो आठवतो की नाही, मला माहीत नाही.

अकरा दांड्या सावलीत वाळवून पाठवते आहे. बारावीचे दोन्ही भाग सोबत आहेत. ते मी चिकटवलेले नाहीत.