चुन्यातली अंडी

सन दोन हजार सोळा, माझं वय एकोणसत्तर. घरची बदकं पावसाळ्यात इतकी अंडी घालायची की खाऊन संपायची नाहीत. उरलेली मी मडक्यात चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवायचो, त्यात ती महिनोन्महिने टिकतात, आणि दिवाळीनंतर विकायचो.

त्या दिवशी शेजारची सुलभा आली. तिनं एक अंडं उचललं, कानाशी धरलं आणि खुळखुळ्यासारखं हलवलं.

"चार महिन्यांची ना, तात्या? आत पाणी झालं असेल."

"तुझ्या डोक्यात झालंय," मी म्हटलं.

ती हसून निघून गेली. ओट्यावरची दोन गिऱ्हाइकंही तिच्यामागं उठली. आता गावभर होणार, तात्या नासकी अंडी विकतो.

हीच बाई दुकानातून ट्रेच्या ट्रे कोंबडीची अंडी आणते, एकही कानाला लावत नाही. ती कुठून आली, कधीची आहेत, कुणाला ठाऊक? म्हणूनच विश्वास. माझ्या ओट्यावर माझं तोंड दिसतं, म्हणून शंका. न पाहिलेला माणूस सज्जन आणि रोज दिसतो तो चोर. देव लांब राहतो म्हणून त्याचं बरं चाललंय. शेजारी राहिला असता तर त्यालाही हलवून बघितलं असतं.

बायको म्हणाली, "एक फोडून दाखवा तिला, आणि गप्प बसा."

एकानं काय होतंय? निवडून आणलं म्हणेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं उचललं, सुलभाच्या अंगणात परात मांडली आणि तिला समोर उभी करून सगळी अंडी फोडली. एकही नासकं निघालं नाही.