चकली बदलायची आहे

स्वयंपाकघरातल्या नळाने त्या वर्षी मला जेवढं छळलं, तेवढं वर्गातल्या पोरांनीही कधी छळलं नाही. एक तांब्या भरेपर्यंत गॅसवरची डाळ करपायची. मोरीतला नळ धो धो वाहायचा, बाल्कनीतला वाहायचा. फक्त ओट्यावरच्यालाच काय रोग झाला होता कोण जाणे, करंगळीएवढी धार धरून रडत बसायचा.

२०१७ सालची गोष्ट. आम्ही डहाणू रोडजवळ सरावलीला राहत होतो. मी झरीच्या शाळेत शिकवायचे, नवरा वाणगाव स्टेशनवर नोकरीला. तो आधी म्हणाला, टाकीत गाळ असेल. टाकी धुतली. मग म्हणे पाइपात हवा अडकलीय. सिंकखालचा कॉक दहा वेळा उघडून बंद केला. फरक शून्य. प्लंबर तीन आठवडे "उद्या पक्का" म्हणत होता.

त्यात सासूबाई. सासरे गेल्यावर त्यांना साताऱ्याकडच्या गावाहून आम्ही कायमचं आणलं होतं. कायमचं हे आमच्या मते. त्यांची बॅग खाटेखाली अर्धी भरलेलीच असायची. "इथलं पाणी खारट, माणसांची भाषा कळत नाही, दिवाळी झाली की मी जाते," हे दिवसातून दोनदा. गावाकडे आता कुणी उरलं नव्हतं, एकट्या कशा राहणार? म्हणून दिवाळीआधी त्यांनी आपणहून गावाहून आणलेला पितळी सोऱ्या बाहेर काढला आणि डबाभर चकल्या तळल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आणि नेमका दुसऱ्याच दिवशी प्लंबर उगवला. मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला.

"भाभी, चकली बेकार थई गई. चालवायची का बदलायची?"

"अहो, जुनी झालीय ती. किती दिवस सहन करायची? काढून टाका, मी नवी आणते," मी तणतणले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर नळ काढून ठेवलेला, पाइपाच्या तोंडाला बूच, आणि सासूबाई बाहेरची साडी नेसून, बॅग भरून दारातल्या खुर्चीत.

"साताऱ्याची गाडी कुठून मिळते, तेवढं सांग."

चकल्यांचा डबा जागेवर नव्हता.

"दिला त्या माणसाला. नाहीतरी तू फेकूनच द्यायला सांगितलंस."

"मी? आई, मी चकल्यांचं नावसुद्धा काढलं नाही!"

"मी त्याच्यापुढे बशीत चकल्या ठेवल्या, आणि तो तुला फोनवर सांगतोय, चकली बेकार. त्याच्या फोनातून तुझं बोलणं साऱ्या घरात ऐकू येत होतं."

मी डोक्याला हात लावला आणि प्लंबरला फोन केला. स्वारी खुशीत होती. "भाभी, माजींची चकरी एकदम सरस! आखो डबो दिला मला. आणि चकली अर्ध्या इंचाचीच आणा, हां."

चकरी. चकली. आता कुठे माझी ट्यूब पेटली. गुजरातीत नळाला चकली म्हणतात, आणि आपल्या चकलीला चकरी. दहा वर्षं इथे राहून मीही बाजारात बिनदिक्कत नळाला चकली म्हणत होते आणि घरी आलं की नळ. मला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

सासूबाईंना परोपरीने समजावलं. त्यांनी तोंड फिरवलं. "मला खुळी समजू नकोस. नळाला कोण चकली म्हणंल?"

शेवटी माझाही पारा चढला. "चला, सोडते तुम्हाला," म्हणत बॅगेसकट त्यांना रिक्षात बसवलं, जुना नळ मापासाठी पिशवीत टाकला आणि स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानापुढे उतरवलं.

"एक चकली दाखवा," मी दुकानदाराला म्हणाले.

त्याने मुकाट्याने एक चकचकीत नळ काउंटरवर ठेवला. सासूबाईंनी नळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता हसतील, असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत.

"'जुनी झालीय, किती दिवस सहन करायची,' असं म्हणालीस ना गं?" त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, चकलीचं नुसतं निमित्त आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दुकानदाराने जुना नळ हातात घेतला, तोंडाशी असलेली जाळी फिरवून काढली आणि काउंटरवर आपटली. पांढऱ्या क्षाराचे खडे पडले. "चकली तो सारी छे, बेन, एकदम चांगली. नुसती जाळी तुंबली."

टाकी धुतली, कॉक पिळला, प्लंबरची मनधरणी केली, घरातलं माणूस घराबाहेर निघालं, आणि दुखणं सगळं रुपयाएवढ्या जाळीत! नवऱ्याचा, प्लंबरचा आणि स्वतःचा असा संताप आला की विचारू नका.

"मग नवी कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "हीच लाव."

बॅग परत घरी आली. जाळी लिंबाच्या पाण्यात भिजवून टूथब्रशने घासली, नवऱ्याने टेप गुंडाळून नळ बसवला. कॉक उघडला तर अशी धार आली की माझी साडी पोटापर्यंत भिजली. सासूबाईंनी तांब्या पुढे केला. तो भरून वाहायला लागला तरी त्या तशाच धरून उभ्या राहिल्या.

"बॅगेत तळाला सोऱ्या आहे," त्या म्हणाल्या. "काढ आणि धुऊन ठेव. त्या मेल्यानं दिवाळीला एक चकली ठेवली नाही घरात."