तोंडाशी ठेवलेल्या चपला

बॉयलरमध्ये काजळी साठते तसे किस्से साठतात. खरवडायला कुणाला तरी आत शिरावं लागतं. मी चौथी नापास, शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका.

फरीदाबादला बॉयलर बनवण्यात नि दुरुस्त करण्यात माझी हाडं झिजली. आमचा कायदा एकच. बॉयलरच्या ड्रममध्ये शिरणाऱ्यानं बूट घालायचे आणि आपल्या चपला मॅनहोलच्या, म्हणजे आत शिरायच्या भोकाच्या, तोंडाशी ठेवायच्या. चपला दिसतायत तोवर झाकण लावायचं नाही.

*

माझा जोडीदार रामसरन, अंगानं रेडा. पहिल्याच दिवशी खांद्यात अडकला. अर्धा आत, अर्धा बाहेर. मी ओरडलो, "साँस छोड़!"

आतून बारीक आवाज आला, "छोड़ दूँ तो लूँगा कहाँ से?"

*

नवा इंजिनिअर आमच्या चपलांना हसायचा. म्हणायचा, आत शिरायच्या परमिटचा कागद आहे ना, बिल्कुल सेफ. एकदा त्यालाच आत जावं लागलं. तोंडाशी ठेवायला चपला नव्हत्या, म्हणून गड्यानं घड्याळ, पाकीट, हेल्मेट, चष्मा, सगळं दुकान मांडलं! चष्म्याशिवाय आत काय बघितलं, देव जाणे.

*

मग पाहुणे येणार म्हणून कुणीतरी वर्कशॉप चकाचक केलं. माझ्या चपला उचलून रॅकवर! मी आत, वेल्डचा सांधा घासतोय. उजेड गेला. बाहेर नट आवळल्याचा आवाज. त्या दिवशी पाणी भरून टेस्ट होती, हे मला ठाऊक होतं.

हातोडीनं ठोकत सुटलो. पण बाहेर सगळेच ठोकत होते, माझं कोण ऐकणार? पाणी घोट्यापर्यंत आलं. मग गुडघ्यापर्यंत.

रामसरन जेवायला निघाला, तर रॅकवर तांब्याच्या तारेनं बांधलेला माझ्या चपलेचा अंगठा दिसला. "ये यहाँ है, तो वो कहाँ है?" म्हणत तो पाना घेऊन धावला.

मला बाहेर ओढलं आणि त्या गाढवानं पुढं काय केलं? मला प्यायला पाणी दिलं!

*

परवा कमरेचा एमआरआय. तसलंच भोक, तसलीच नळी. टेक्निशियन म्हणाला, चपला बाहेर काढा. दाराशी काढल्या. कुसुमला, म्हणजे बायकोला, कारखान्यातलं मी कधीच सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणालो, "चपलांवर लक्ष ठेव."

आत मशीनच ठोकत होतं. मी डोळे मिटून घोटे चाचपायला गेलो, कोरडे आहेत का ते. हात पोचेना, तर पायावर पाय घासले. टेक्निशियन दोनदा ओरडला, हलू नका.

बाहेर आलो. कुसुम माझ्या चपलांमध्ये पाय घालून दारातच उभी होती. वॉर्डबॉय म्हणत होता, माताजी, रास्ता छोड़िए, बैठ जाइए.

"रामसरनभाऊजींनी तेव्हाच सांगितलं होतं," ती मला म्हणाली. "आता बघू कोण उचलतो."