मंजूषाने न भरलेला फॉर्म

न्यूनेन या डच गावात आम्हा मराठी मंडळींची वीस-बावीस घरं असतील आणि त्यातल्या निम्म्या घरांची कागदपत्रं मंजूषाच्या हाताखालून गेलेली. खेमेंटेत म्हणजे नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असो, हाउसआर्टकडे, इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घालायचं असो, लोक आधी तिला फोन करायचे. मी इथे तिच्यापेक्षा नऊ वर्षं जुनी, त्यामुळे मला ते जरा लागायचंही. चिंचवडची बँकेतली नोकरी सोडून २०१८ मध्ये ती नवऱ्यामागोमाग इथे आली. डचचा गंध नव्हता, पण कुठे सही, कुठे पूर्ण नाव आणि कुठली तारीख टळली तर पंचाईत, हे तिला एका नजरेत कळे. तारखेवरून तर ती थोरामोठ्यांनाही दम द्यायची.

म्हणून म्हणते, इतर कुणाकडून झालं असतं तर मी समजू शकले असते.

तिची मुलगी ईशानी आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. त्या वयात डच शाळेत घातलं असतं तर दोन वर्षं भाषेतच गेली असती, म्हणून तिला घरबसल्या ऑनलाइन अमेरिकन शाळेत घातलं. पोरगी हुशार. तिला आइंडहोव्हनला इंजिनिअरिंग करायचं होतं. पण नुसत्या अमेरिकन बारावीवर इथली विद्यापीठं विचारत नाहीत. सोबत चार विषयांच्या एपी लागतात, म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा. परीक्षा मे महिन्यात, पण नाव आदल्या दिवाळीच्या सुमारास गेलेलं असावं लागतं आणि तेही एखाद्या शाळेमार्फतच. ऑनलाइन शाळेला परीक्षेचा वर्ग कुठला असणार? मग दुसऱ्या शाळेचं दार ठोठावायचं. पालकांच्या सहीचा फॉर्म आणि पासपोर्टची प्रत पाठवली की ती शाळा एक कोड देते. मुलीने तो आपल्या खात्यात टाकला की शाळा तिच्या नावाची प्रश्नपत्रिका मागवते. बाहेरच्या मुलांना घेणाऱ्या शाळा मोजक्याच. हेगजवळची एक मंजूषाने जूनमध्येच हेरून ठेवली होती. फॉर्म सात सप्टेंबरला उघडणार होता.

२०२०च्या जुलैत तिचे वडील पुण्यात कोरोनाने गेले. जाण्याचा काही मार्ग नव्हता. भावाने लांबून फोन धरला आणि हिने इथे स्वयंपाकघरात उभं राहून वडिलांना शेवटचं पाहिलं, तेही चित्र मध्येच अडकलं. मी शेजारी होते. ती रडली नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

फॉर्म उघडला तेव्हा पितृपक्ष चालू होता. पक्षात पोरीच्या शिक्षणाचं काही सुरू करू नकोस, असं तिच्या आईने फोनवर सांगितलं. एरवी मंजूषा असलं मानणारी नव्हे. पक्ष संपतो तर त्या वर्षी नेमका अधिक महिना लागला. मग आई म्हणाली, आता दसऱ्याला भर, चांगल्या दिवशी होऊ दे. चिंचवडच्या त्या फ्लॅटमध्ये एकटी पडलेली बाई एवढं एकच मागत होती. बाबांसाठी जाता आलं नाही, निदान आईचं हे तरी ऐकू, असं मंजूषाला वाटलं. शेवटची तारीख तेरा नोव्हेंबर, हे तिला पाठ होतं. पण ती परीक्षा घेणाऱ्यांची तारीख होती. जागा भरल्या की शाळा आधीच फॉर्म बंद करील, हे त्याच पानावर तळाशी लिहिलं होतं. दुसऱ्यांसाठी ती तळापर्यंत वाचायची.

मला आजही एक गोष्ट खुपते. त्याच पंधरवड्यात तिने माझ्या मुलाचा, राजसचा, टिलबर्गमधल्या विद्यार्थ्यांच्या खोलीसाठीचा फॉर्म भरून दिला. दुसऱ्याच्या कामाला पक्ष लागत नाही मेधाताई, म्हणाली. मी तिच्याकडचा चहा पिऊन घरी आले. ईशानीच्या फॉर्मचं काय झालं, एवढं विचारायला माझं काय जात होतं?

दसऱ्याला रविवार होता. लॅपटॉपला हळद-कुंकू वाहून, देवापुढे दिवा लावून तिने पान उघडलं. दीड मीटर अंतराच्या नियमामुळे यंदा जागा निम्म्या आहेत आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांच्या सगळ्या जागा सप्टेंबरअखेर भरल्या, असं तिथे लिहिलं होतं.

सोमवारी सकाळी तिने मला फोन केला. माझा स्वभाव तापट. बँकेत नोकरी केलेली बाई तू, पंचांग कसलं बघत बसलीस, असं मी तिला नको तितकं बोलले. मग लाज वाटली आणि दोघी मिळून फोनला लागलो. एक शाळा यंदा बाहेरचं कुणीच घेत नव्हती, दुसरीची प्रतीक्षायादी होती, बेल्जियममधल्या दोन शाळांनी सरळ नाही म्हटलं. आठवडा असा गेला, तेव्हा तिने ईशानीला खरं काय ते सांगितलं.

ईशानीने आदळआपट केली नाही. "मी तुला तीनदा विचारलं होतं," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. त्यानंतर दोन आठवडे ती आईशी बोलली नाही. बाप दिवसभर मीटिंगमध्ये, लेक बंद दारामागे, आणि बाहेर जावं तर सगळं बंद. मंजूषा जेवणाचं ताट दाराशी ठेवायची आणि रिकामं उचलून आणायची.

तेरा तारीख उलटली. चौदाला लक्ष्मीपूजन होतं, पण त्या वर्षी त्यांच्या घरी दिवाळी नव्हती. दुपारी आईचा फोन आला, तेव्हा ईशानी पाणी प्यायला बाहेर आली होती. आजीने विचारलं, "दसऱ्याला झाला ना गं पोरीचा फॉर्म?"

ईशानीने आईच्या हातातून फोन घेतला.

"हो आजी, दसऱ्यालाच भरला. लगेच अ‍ॅक्सेप्ट झाला."

आजी पलीकडे रडू लागली. आजोबांचाच आशीर्वाद आहे हो, म्हणाली. ईशानी त्यालाही हो म्हणाली, औषधं वेळेवर घे म्हणाली, आणि फोन ठेवून तो आईच्या हातात दिला.

"नेक्स्ट इयरचा फॉर्म मी भरीन," ती म्हणाली. "तेव्हा मी अठराची असेन. तुझी सही लागणार नाही."

मंजूषा बरं म्हणाली.