मेश्राम मिस्त्रीचा शेरा

साहेबांच्या मोटारीत बसण्याचं आमंत्रण मला आयुष्यात पहिल्यांदा दिलं ते मेश्राम मिस्त्रीनं. मी गॅरेजात हजेरीबाबू म्हणून रुजू होऊन तासही झाला नव्हता. खाकी हाफपँटमधला एक काटकुळा माणूस माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत आला, मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "बाबू, बसा."

मी शर्टाची घडी नीट करून, पुढारी बसतात तसा ऐटीत बसलो. मिस्त्री चाकाशी वाकला, कुठं तरी बोटं घालून पाहिलं आणि समाधानानं म्हणाला, "झालं. उतरा आता. वजन पायजे होतं."

भिलाईत तेव्हा रशियनांच्या मदतीनं पोलादाचा कारखाना होत होता, सगळंच उभं राहत होतं. भट्ट्या, चिमण्या, रस्ते. क्वार्टर्स मात्र फक्त पक्क्या नोकरीवाल्यांसाठी. मेश्राम पडला रोजंदारीवर. पवनीकडच्या गावात बायको सुभद्रा आणि दोन मुली ठेवून तो इथं टिनाच्या शेडमध्ये आठ जणांत झोपायचा. मे महिन्यात त्या शेडमध्ये भाकरी तव्याशिवाय भाजली असती. त्याला पक्कं करण्याचा कागद तयार होता, फक्त गॅरेजच्या साहेबांची सही राहिली होती. ती चार महिने राहिलीच होती.

टायर हा त्याचा प्रांत. बाजारातली वेगळी चाकं कोणी गाडीला लावायला आणली की त्याचं पहिलं काम म्हणजे गाडीत माणसं भरणं. "रिकाम्या गाडीले कोणताबी टायर बसते, बाबू. चार माणसं बसवा, मंग पाहा कसा रडते तो." टायरवरचे आकडे त्यानं मला शिकवले. "मांगचा आकडा रिमचा. तो जुळला का टायर बसला. पन पुढचा आकडा टायरच्या जाडीचा. गाडी वळन का नाई, ते तो सांगते. लोकं मांगचाच पायते आन खुश होते."

आता साहेबांची गोष्ट. साहेब उत्तरेकडचे, उंचीनं बेताचे. रशियन इंजिनिअरांच्या गाड्या होत्या उंच. त्यांच्या शेजारी कचेरीची आपली गाडी उभी राहिली की साहेबांना ती बसलेल्या कोंबडीसारखी दिसे. म्हणून त्यांनी कलकत्त्याहून कचेरीच्या नावावर थोरली चाकं मागवली. रुंद रिम, वर जाडजूड टायर. पण गाडीत काहीही बदल केला, तर रजिस्टरात मिस्त्रीचा शेरा लागायचा. त्याच्या सहीशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे.

"मेश्राम, फिट करो और लिख दो," साहेब म्हणाले. मग पेनाच्या खिशावर हलकेच थाप मारून हसले. "फिर तुम्हारा कागज़ भी देख लेते हैं."

मेश्राम माझ्याकडे वळला. एवढ्या मोठ्या गॅरेजात त्याला उभं राहायला जागा उरली नव्हती, असा त्याचा चेहरा झाला होता.

तरी त्यानं आपली रीत सोडली नाही. जुन्या टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलली, जमिनीवर माप घेतलं. मग नवं चाक लावून तेच. नव्या चाकाची खूण जवळजवळ वीतभर पुढे पडली. "साहेब, मीटर चाळीस दाखवन, आन गाडी त्रेचाळीस-चव्वेचाळीसनं पळून राहिली असन. आन भरून वळवल्याशिवाय मी काई लिहत नाई."

"तो भरो!" साहेब चिडले.

गाडी भरली. मागच्या सीटवर मी आणि सिमेंटच्या दोन गोण्या. आमच्यात साहेबांना फारसा फरक वाटला नसावा. पुढे मेश्राम. स्टिअरिंगवर साक्षात साहेब, कारण चाकांवर त्यांचा भरवसा होता. सरळ रस्त्यावर गाडी अशी डौलात चालली की मीही क्षणभर त्या चाकांच्या प्रेमात पडलो. मग साहेबांनी ती सिमेंटच्या पाइपांच्या थप्प्यांमधल्या गल्लीत घातली. पुढे गल्ली वळत होती. साहेबांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. खर्रर्र! टायर मडगार्डात घुसला आणि रुतून बसला. गाडी पुढे जाईना, मागे येईना. दोन्ही बाजूंना पाइप, दारं चार बोटांपलीकडे उघडेनात.

"वजन उतरलं का सुटन," मेश्राम शांतपणे म्हणाला.

"तो उतरो!"

"कसं उतरू, साहेब?"

उपाय असा की आम्ही उतरायचं, आणि आम्ही उतरू शकत नाही. मी खिडकीतून प्रयत्न केला. खांद्यांपर्यंत गेलो आणि तिथंच राहिलो. माझं अर्धं अंग बाहेर उन्हात, अर्धं आत साहेबांच्या डोक्याजवळ. पत्रा तापत होता. एक गोणी फुटली होती आणि सिमेंटची पूड घामात कालवून आम्ही तिघंही हळूहळू पुतळे व्हायला लागलो होतो. त्यात समोरून रशियन इंजिनिअरांची उंच गाडी येताना दिसली.

साहेबांचा आवाजच बदलला. "मेश्राम, भाई, जल्दी निकालो! जो बोलोगे, करूँगा!"

मी खिडकीतूनच पुटपुटलो, "मिस्त्री, सहीचं बोल! पेन माझ्या खिशात आहे!"

"कावून गडबड करून राहिले, बाबू? माणूस फसून आहे ना," तो म्हणाला. मला मागे ओढून त्यानं मोकळं केलं आणि आपण दुसऱ्या खिडकीतून सापासारखा टपावर निसटून पुढच्या चाकाशी उतरला. टायरची हवा सोडली. टायर मऊ पडला, त्यानं लाथ मारून तो सोडवला आणि पाइपाला पाठ लावून गाडी इंचाइंचानं मागे ढकलली. रशियन गाडी आली, तेव्हा आम्ही गल्लीबाहेर उभे होतो. साहेब रुमालानं चेहरा पुसत सहज फिरायला आल्यासारखे हसले.

गॅरेजात परतल्यावर त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. शेजारी मेश्रामचा कागद ठेवला. पेन उघडून मध्ये ठेवलं. "गली तंग थी. मैं तो सीधे रोड पर चलाऊँगा. लिखो, ठीक है."

"साहेब, उद्या दुसरा डायवर बसन. नंदिनी गावच्या खदानीकडं चार लोकं घेऊन जाईन. त्याले कोन सांगन का वळवू नको?"

"सोच लो."

त्यानं विचार केला. मला ऐकू यावा इतका. शेवटी हळू आवाजात, मला की स्वतःला कोण जाणे, म्हणाला, "गावच्या मालगुजारानं कागद पुढं केला, माह्या बापानं आंगठा लावला. काय लिहलं ते त्याले कधी समजलं नाई. मी सही शिकलो ते कावून?" आणि एकेक अक्षर कोरत त्यानं लिहिलं: 'चाक बसते. भरलेली गाडी वळत नाही. गो. मेश्राम.'

साहेबांनी त्याचा कागद उचलला, खणात टाकला आणि खण लावला.

त्यानं हे गावी कळवलं असणार. कारण आठ दिवसांनी सुभद्राबाई दोन मुली, एक ट्रंक आणि स्टोव्ह घेऊन सरळ गॅरेजात उभी राहिली. मेश्राम गाडीखाली होता. तो तिथंच राहिला, बाहेर येण्याची त्याला हिंमत होईना.

ती माझ्याकडे आली. "जय भीम, बाबूजी. तुमी त्या गाडीत होते म्हनते."

"होतो."

"हे अडेलतट्टू आहे, मले माहीत आहे. पोरींचं घर गेलं याच्यापायी. म्हनून तुमालेच विचारते. खरं सांगा, ते चाकं वळत होते काय?"

मी जन्माचा थापाड्या. तिचं समाधान होईल अशा पाच-सहा सुरस कथा माझ्या जिभेवर आल्या. गाडीखालून दोन पाय दिसत होते. ते हलत नव्हते.

"नाही, बाई," मी म्हणालो. "नव्हती वळत."

पुढचे तीन उन्हाळे तिला उतई गावाच्या वाटेवर भाड्याच्या खोपटात काढायचे होते, पण ते तेव्हा आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. मग तिनं स्टोव्ह धाकट्या मुलीच्या हातात दिला, ट्रंक डोक्यावर घेतली आणि गाडीखालच्या पायांना म्हणाली, "निघा आता बाहेर. पोरी भुकेल्या आहेत. खोली पाहाले जाऊ."