घारपुरे सरांची निरगाठ

शनिवारी दुपारी जेवून मी सोफ्यावर आडवी होते. गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्रही काढत नाही. शेजारच्यांच्या कुकरची एक शिट्टी होते, दुसरी ऐकू येत नाही.

रेकॉर्ड रूममध्ये घारपुरे सर बसलेत. त्यांना जाऊन महिना झाला. मी अंत्यविधीला गेले नव्हते, दिल्लीची मीटिंग होती. आता तरी वाईट वाटेल म्हणून वाट बघते. काहीच वाटत नाही.

"सामंत, चहा सांगितलात?"

"हो सर."

कोणतं यंत्र परदेशी जाऊ द्यायचं, हे आमचं खातं ठरवतं. जो पंप दुधाची पावडर करायला लागतो, तो कधी कधी बॉम्बसाठी युरेनियम तयार करायलाही चालतो. म्हणून कोण मागतंय, किती मागतंय, हे आम्ही खोदून खोदून विचारतो. सर फाइल तपासून झाली की नाडीला ओढताच सुटणारी सुरगाठ मारायचे. शंका असली, पण पुरावा नसला, तर निरगाठ. सोडवायला वेळ लागला की माणूस पुन्हा वाचतो, म्हणायचे.

त्यांच्या हातात पंपांच्या एका फाइलच्या लाल नाडीचे दोन तुकडे आहेत.

"ही कोणी कापली?"

"मी. सुटत नव्हती, सर. वाटलं, आजारपणात तुमचे हात थरथरत असतील, म्हणून अशी बसली."

"थरथरत होतेच. म्हणून तर मारायला तासभर लागला."

आता आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात आहोत. ओट्यापलीकडे बंदर आहे, कंटेनरवर कंटेनर. सर बशीत चहा ओततात.

"किती पंप?"

"साठ."

"आणि मागणाऱ्या डेअरीकडे म्हशी किती?"

"तिथे डेअरीच नाही, सर. नुसतं वाळवंट आहे."

"हे कधी कळलं?"

"सही करताना."

"मग?"

"वरून दोनदा फोन आला होता."

ते रागावत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"जहाज कधी सुटतंय?"

"आज पाचला."

बशी खाली ठेवून ते पुढे वाकतात. माझ्या गळ्यापाशी त्यांची बोटं सावकाश हलतात, फाइल बांधताना हलायची तशी. आज ती थरथरत नाहीत.

जाग येते. चार वाजून दहा मिनिटं. ओळखपत्राच्या नाडीला छातीशी निरगाठ बसली आहे. नखांनी सुटत नाही. कात्री समोरच टेबलावर आहे. मी ती घेत नाही.

बंदरावरच्या कस्टम्स ऑफिसला फोन लावते. नाडी आखूड झाल्यामुळे मान खाली घालून ओळखपत्रावरचा नंबर वाचून दाखवावा लागतो.

"कंटेनर थांबवतो मॅडम, पण कारण काय लिहू?"

"शंका आहे. माझ्या नावावर लिहा."

आवाज नेहमीसारखाच आहे. हात मात्र थरथरतोय.