दादानं बसवलेली दारं

किस्से स्क्रूसारखे असतात. पाहिजे तेव्हा एक सापडत नाही, आणि पिशवी उलटी केली की ढीग! आमच्या दादाची हत्यारांची पिशवी मी परवा उलटी केली. दोन महिने तिला हात लावायची हिंमत झाली नव्हती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, किसन. घर पिंपळवंडीला, दुकान आळेफाट्यावर एका गाळ्यात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या सात वृद्धाश्रमांत तो बटणांची कुलपं आणि अलार्म बसवायचा. दाराला वरच्या बाजूला विजेवर चालणारं लोहचुंबक, भिंतीवर आकड्यांचा कीपॅड. चार आकडे दाबले की चुंबक सुटतं, दार उघडतं. ज्यांना काही आठवत नाही अशी म्हातारी माणसं कुणाला न सांगता हायवेवर जाऊ नयेत, म्हणून ही सगळी खटपट. दादा आयटीआय शिकलेला. मी सातवीतून शाळा सोडलेला. तो वायरिंग करायचा, मी भिंती फोडायचो.

दोन महिन्यांपूर्वी छातीत कळ आली आणि दादा गेला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. आणि जाताना एक गोष्ट सांगायची राहिली. मास्टर कोड!

रोजचा कोड प्रत्येक आश्रमाचा वेगळा असतो. पण तो बदलायचा असेल किंवा अडकलेला कीपॅड सोडवायचा असेल, तर मास्टर कोड लागतो. दादानं तो सातही ठिकाणी एकच ठेवला होता. वहीत लिहिलेला नव्हता, वहिनीला माहीत नव्हता, मला तर नव्हताच. त्यात येडगावच्या आश्रमातला कीपॅड अडकला. मेन स्विच बंद करून ठेवला म्हणून निदान दार उघडता येत होतं, पण मग ते दिवसरात्र उघडंच. एक तर कोड सापडायला हवा होता, नाही तर मला हातोडा घेऊन दादाच्या हातचं काम फोडावं लागणार होतं.

फाट्यावर चहाला बसलो की मित्र विचारायचे, "बबन, सापडला का रं?" माझ्या तोंडून आकड्याऐवजी किस्साच बाहेर पडायचा.

* * *

आमचं पहिलं काम नारायणगावच्या एका शेठचं. कापडाचे व्यापारी, देवमाणूस. आश्रम त्यांनीच उभा केलेला. म्हणाले, "किसनभाऊ, असं कुलूप बसवा की मुंगी बाहेर पडली नाही पाहिजे!"

दादा म्हणाला, "बसवतो की. पण शेठ, आधी तुम्ही एक तास आत बसा. मोबाईल माझ्याकडं द्या. घड्याळ पण."

शेठ हसत हसत आत गेले. दादानं बाहेरून कडी घातली आणि आम्ही पायरीवर बसून शेंगा खाल्ल्या. थोड्या वेळानं दारावर थाप. मग दोन थापा. मग शेठचा आवाज, "अहो किसनभाऊ! झाला की तास!"

दादानं कडी काढली, घड्याळ परत दिलं आणि म्हणाला, "शेठ, अकरा मिनिटं झाली."

शेठनी दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या मागची भिंत पाडून बाग जोडून घेतली. बागेत जायला कोड नाही! तेव्हापासून दादाचा नियमच झाला. जो कुलूप मागेल त्यानं आधी आत बसायचं. दोन ठिकाणची कामं या नियमापायी गेली. दादाला काही वाटलं नाही.

* * *

दादाची दुसरी खोड म्हणजे पहिल्या दिवशी पिशवी उघडायचीच नाही. नुसतं बसायचं. कोण कुठं उठतं, कोणत्या दाराकडं जातं, कोण कुणाचा हात धरतं, ते बघायचं.

मंचरच्या आश्रमात मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचा भाऊ कामाला आलाय का पाहुणचाराला?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं थांब, दाखवतो काम! ड्रिल काढलं आणि दिसली ती भिंत धरली. भिंतीत पाण्याचा पाईप. अशी धार उडाली की मॅनेजर बाहेर आणि मी आत ओलाचिंब!

दादा उठलासुद्धा नाही. म्हणाला, "बबन्या, पाणी वाया घालवू नको. त्या कोपऱ्यातल्या आजोबांना सकाळपासून आंघोळ करायचीय, कुणी ऐकत न्हाई त्यांचं."

मॅनेजरला इतके दिवस ते कळलं नव्हतं. दादाला दोन तासांत कळलं होतं.

* * *

आता येडगाव. धरणाच्या अंगाला आहे तो आश्रम. तिथं नाना राहतात. एसटीत आयुष्यभर कंडक्टर, डोकं सुऱ्यासारखं, फक्त गुडघे गेलेले.

त्या वर्षांत लोडशेडिंग म्हणजे काही विचारू नका. आमचं कुलूप विजेवर, पाठीमागं एक छोटी बॅटरी. वीज तासन् तास जायची, मग बॅटरी मान टाकायची आणि चुंबक सुटायचं. टक्! नानांनी महिन्याभरात हिशेब बसवला. वेळापत्रक उशीखाली. बरोबर त्या मिनिटाला अंगात कोट, हातात काठी, दारासमोर उभे.

टक् झालं की म्हणायचे, "पावणं, तुमच्या कुलपापरीस आमची वीज इमानदार. टायमावर जाती!"

मी चिडून म्हटलं, "दादा, बाहेरून मजबूत कडी ठोकू. वीज गेली तरी दार हलणार नाही."

आयुष्यात दादा माझ्यावर एकदाच ओरडला, तो तेव्हा. "आन् सैपाकघरात आग लागली तर? ही माणसं खिडकीतून उड्या मारणार हायेत का? वीज गेली की दार उघडलंच पाहिजे. ती खोट न्हाई कुलपाची, तीच त्याची माणुसकी हाय!"

मग फाट्यावरच्या गॅरेजमधून त्यानं ट्रकची मोठी बॅटरी आणली. दार आपोआप सुटलं तर स्वयंपाकघरात घंटा वाजेल अशी सोय केली. आगीचं बटण वेगळं बसवलं. नानांनी सगळं काम खुर्चीत बसून पाहिलं आणि शेवटी म्हणाले, "लई वाईट केलंस बाबा. पण लई बेस केलंस."

* * *

येडगावच्या मावशी स्वयंपाकही करायच्या आणि म्हाताऱ्यांचं सगळंही. लिहिता-वाचता येत नाही. चार आकडे पाठच होईनात. मॅनेजर म्हणाले, "दुसरी बाई बघतो."

दादा म्हणाला, "कशाला? मावशी, भाकरी थापताना आकडे मोजता का? मग? हे असं, खाली, वर, डावीकडं, मधी. करा बघू." दहा वेळा करून घेतलं. मावशींचं बोट जे फिरायला लागलं ते आजतागायत चुकलं नाही. मला म्हणाला, "डोकं विसरतं बबन्या, बोट विसरत न्हाई."

मग आला दसरा. सगळीकडं यंत्रांची पूजा. आम्ही ड्रिलला झेंडूची माळ घालून बसलो होतो, तेवढ्यात येडगावचा फोन. अलार्म बोंबलतोय! गेलो तर मावशींनी कीपॅडची यथासांग पूजा केलेली. वर नारळ फोडून पाणी थेट बटणांवर! आणि हळदकुंकू लावलेलं, पण फक्त चार बटणांना!

मी कपाळाला हात लावला. "मावशी, सगळ्या बटणांना तरी लावायचं!"

"बाकीची काय कामाची?" मावशी म्हणाल्या. "जी राबत्यात त्यांचीच पूजा करायची असती."

आम्ही कीपॅड सुकवेपर्यंत नाना खुर्ची ओढून समोर आले. "चार आकडे म्हणजे चोवीस तऱ्हा. फार न्हाईत." कीपॅड चालू झाला आणि नानांनी एकेक तऱ्हा दाबायला घेतली. सतराव्या वेळी दार उघडलं!

मॅनेजर लालबुंद. दादा मात्र टाळ्या वाजवत होता. म्हणाला, "साहेब, ज्याला हे जमतं त्याला परत यायचा रस्ता पण सापडतो. हे कुलूप नानांसाठी न्हाईच. कोड बदलतो, मावशींच्या बोटाला नवा शिकवतो, आणि नानांना पण सांगतो." नाना त्या दिवसापासून रोज फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा पिऊन, कपाळावरचा घाम पुसत, वेळेत परत येतात.

त्यानंतर दादानं कीपॅडमध्ये दोन सुधारणा केल्या. दहा वेळा चुकलं की कीपॅड अडकून बसेल. आणि नारळाचं पाणी आत जाऊ नये म्हणून त्याची पाठ गळती बुजवायच्या लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, अशी लिंपली की आता तो फोडल्याशिवाय उघडत नाही. सातही ठिकाणी तसंच केलं. काम लई पक्कं. त्या पक्केपणानंच पुढं माझी वाट लावली!

* * *

येडगावलाच सोनाई आजी आहेत. मुलाचं नाव आठवत नाही, जेवल्याचं आठवत नाही. दुपार कलली की मात्र हातात पिशवी घेऊन दाराकडं निघायचं. "माझी गाडी हाय. ओतूरला जायचंय." ओतूर त्यांचं माहेर. कुलूप नव्हतं तेव्हा एकदा आळेफाट्यावर ट्रकांच्या मधोमध सापडल्या होत्या.

आम्ही कुलूप लावलं, अलार्म लावला. आजींनी दार ढकललं आणि भोंगा कोकलला. आजी जागेवर मटकन बसल्या आणि कानांवर हात ठेवून लहान पोरीसारख्या रडायला लागल्या.

दादानं त्याच मिनिटाला भोंग्याची वायर तोडली. तिसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून एसटीची जुनी घंटा घेऊन आला, दोरीसकट. दाराशेजारी एसटीतलं जुनं बाक ठेवलं, समोर धरायला दांडा. दार कुणी ढकललं की एक बारकी मोटर दोरी ओढणार. टिंग टिंग!

आजी आल्या, दार ढकललं. टिंग टिंग! आजी दचकल्या, मागं वळल्या आणि लगबगीनं बाकावर बसून दांडा घट्ट धरला. "बया! सुटली की गाडी!"

आतून मावशी धावत येईपर्यंत आजी बाकावर छान बसलेल्या, खिडकीबाहेर बघत. अर्ध्या तासानं मावशी म्हणाल्या, "आजी, आलं ओतूर. चला जेवायला." आजी उठल्या!

नाना डोळे पुसत म्हणाले, "पस्तीस वर्षं घंटी मारली. अशी गाडी कधी सुटली नव्हती."

दादाला आजी कंडक्टर म्हणायच्या. सर्व्हिसिंगला गेला की आजी कीपॅडपाशी त्याच्या शेजारी उभ्या, त्याचं बोट बघत. तो हळू आवाजात काय बडबडायचा त्यांच्याशी, कुणास ठाऊक. मी बाहेर भजी खात असायचो.

* * *

आणि हा परवाचा.

मावशी आठ दिवस लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. बदलीवर आलेल्या बाईला कोड जमेना. घाबरून दाबत राहिली, दहा वेळा चुकलं, कीपॅड अडकला. मेन स्विच बंद, बॅटरीची वायर काढलेली, दार उघडं, घंटा मुकी. आजी दोनदा धरणाच्या रस्त्यावर सापडल्या. दुसऱ्या वेळी एका टेम्पोवाल्यानं आणून सोडल्या. मॅनेजर म्हणाले, "बबन, आज काय ते कर. नाही तर मी बाहेरून कडी ठोकतो."

पिशवीत हातोडा घालून गेलो. वीज चालू केली. मास्टर कोड कितीही वेळा चुकला तरी कीपॅड नुसता 'टूं' करतो, म्हणून आधी आकडे लावून पाहिले. दादाचं जन्मसाल. टूं. वहिनीचं. टूं. आई गेली ते साल. टूं. आमच्या मोटरसायकलचा नंबर. टूं. माझं जन्मसाल. एवढं तरी लागेल असं वाटलं होतं. टूं.

नाना खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "पोरा, चार आकडे कुठले ते पण ठावं न्हाईत. हिथं दहा हजार तऱ्हा हायेत. बस कर."

मी हातोडा काढला. कीपॅडच्या कडेनं दादाच्या अंगठ्याचा ठसा त्या लांबीत तसाच वाळलेला होता. हातोडा उचलला आणि हात खालीच येईना.

मागून आजी आल्या. हातात पिशवी. "कंडक्टर कुठं हाय?"

माझ्यानं खोटं बोलवेना. म्हटलं, "तो आता यायचा न्हाई, आजी."

आजींनी माझ्याकडं पाहिलं. मग मला कोपरानं बाजूला सारलं, पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताचं बोट कीपॅडवर ठेवलं. वर. खाली. खाली. कोपऱ्यात.

पिवळा दिवा लागला. मास्टर कोड बरोबर असला तरच लागतो तो!

नाना काठी न धरता खुर्चीतून उभे राहिले. गुडघे गेलेले नाना! मॅनेजर काहीतरी बोलत होते. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, तरी कसातरी कीपॅड सोडवला, कोड लावला. दार टक् करून बसलं.

आजी केव्हाच बाकावर जाऊन बसल्या होत्या. दांडा धरलेला. पदर सावरून त्या आत सरकल्या आणि शेजारची जागा हातानं झटकून म्हणाल्या, "बस की रं. हुबा राहून जातो का काय एवढ्या लांब?"

मी बसलो. नानांनी हात वर करून दोरी ओढली. दोनदा.